पाळीकर मामांचा बास्केटबॉल

बास्केटबॉल हा खेळ सातासमुद्रापलीकडं कुठं तरी जन्मला असं पुस्तकांत छापलेलं असतं, आणि पुस्तकं लिहिणारी माणसं शिकलेली असल्यामुळं मीही ते मान्य करतो. फक्त सासरी बसून मान्य करत नाही. तिथल्या मंडळींचं ठाम मत असं, की हा खेळ तुळजापुरात, एका लिंबाच्या झाडाखाली, माझ्या बायकोच्या मामांनी काढला आणि बाकीच्या जगानं तो मागाहून, कुणाला न विचारता, उचलला. या मामांची आणि माझी पहिली गाठ पडली ती मी मुलगी पाहायला गेलो त्या दिवशी. मुलगी खाली मान घालून बसली होती, वडीलधारी मंडळी पाऊसपाण्यावर घसरली होती, आणि आपणही काही जाणतेपणाचं बोलावं अशी मला दुर्बुद्धी झाली. अंगणातल्या लिंबाला चांगलं उंचावर एक लोखंडी कडं ठोकलेलं होतं. ते मोटेच्या तोंडाचं कडं आहे हे मी, शेतकऱ्याचा पोरगा, लांबूनच ओळखलं. म्हटलं, "विहीर आटलेली दिसते. मोटेचं कडं झाडावर चढवून ठेवलंय ते?" कोपऱ्यातून एक उंच, काटकुळे गृहस्थ उठले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "जावईबापू, इहीर न्हाय आटली. अक्कल आटलीय. कुणाची, ते जेवण झाल्यावर सांगतो." जेवण झाल्यावर त्यांनी मला भर उन्हात झाडाखाली उभं केलं आणि कातडी चेंडू त्या कड्यातून टाकायला लावला. एकही गेला नाही. लग्न मात्र ठरलं. इतका निरुपद्रवी माणूस परत मिळायचा नाही, असं मुलीकडच्यांना वाटलं असावं.

मामा मूळचे पाळीकर घराण्यातले. देवीच्या देवळातली सेवा तुळजापुरात घराघरांत वाटलेली असते. ज्या दिवशी ज्या घराची पाळी, त्या दिवशी त्या घराचा हात देवीला लागतो. तिथं श्रीमंत-गरीब चालत नाही, शहाणा-खुळा चालत नाही. पाळी असेल तर खुळ्यानंही पूजा करायची आणि नसेल तर शहाण्यानं दारात उभं राहून हात जोडायचे. मामांच्या घराच्या वाटण्या होत होत त्यांच्या वाट्याला आलेली पाळी इतकी विरळ झाली होती, की दोन पाळ्यांच्या मधे माणसाला एखादा परका खेळ सहज शिकून घेता यावा. मामांनी तेच केलं.

घडलं ते असं. मामांचं लग्न ठरलं आणि नवरीचा शालू आणायला त्यांच्या वडिलांनी त्यांना सोलापूरला पाठवलं. सोलापूर म्हणजे इंग्रजांचा मुलूख. तिथं वीज, गिरण्या आणि वाटेल ते. मामा शालूच्या दुकानाकडं निघाले ते वाटेत एका मैदानाच्या कुंपणाशी थांबले. आत काही पोरं एक चेंडू एका कड्यातून टाकत होती. मामा त्या दिवशी बघत राहिले, दुसऱ्या दिवशी बघत राहिले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या पिशवीत शालू नव्हता, चेंडू होता. हद्दीवर निजामाच्या करोडगिरीचा नाका होता; पलीकडून येणाऱ्या मालाची तिथं झडती व्हायची, जकात पडायची. तिथल्या शिपायानं चेंडू हातात घेतला, दाबला, हुंगला, कानाशी नेऊन हलवला. "अंदर क्या है?" "हवा." "कहाँ की हवा?" मामांना खोटं बोलायची सवय नव्हती. म्हणाले, "सोलापूर की." शिपाई विचारात पडला. मालाच्या कुठल्याच सदरात हवा बसेना, आणि इंग्रजी हवा सरकारच्या मुलखात सोडावी की नाही याचा हुकूमही सापडेना. शेवटी त्यानं मधला मार्ग काढला: चेंडू न्या, हवा इथंच सोडा. मामांनी नाक्यावरच वादी सोडून चेंडू चपटा केला आणि धोतराच्या सोग्यात गुंडाळून घरी आणला. रात्री तोंडानं फुगवला. गाल आठवडाभर दुखत होते म्हणतात. सकाळी त्यांच्या आईनं तो देवघराजवळ पाहिला, पोरानं देवीसाठी कोहळा आणला असं समजून कौतुकानं विळी मांडली, आणि मामा वेळेवर धावले नसते तर मराठवाड्यातला बास्केटबॉल त्या दिवशीच फोडणीला पडला असता.

शालूवाचून लग्न अडलं नाही. मामी जावेचा शालू नेसून बोहल्यावर चढल्या आणि त्यानंतर जन्मभर त्यांनी ते विसरू दिलं नाही. कुणी पाहुणा आला आणि कोपऱ्यातल्या चेंडूकडं बघू लागला, की त्या आतूनच सांगायच्या, "तो चेंडू न्हाय बरं का. माझा शालू हाय तो. ह्यांनी फुगवून ठिवलाय."

नोकरी लागली तीही चेंडूमुळंच. धाराशिवच्या सरकारी शाळेत (कागदावर ते उस्मानाबाद, बोलण्यात धाराशिवच, दोन नावांच्या गावात राहायची आम्हाला सवय होती) ड्रिलमास्तराची जागा मोकळी झाली, कारण आधीच्या ड्रिलमास्तरांना दम्यानं धरलं होतं. मामा चेंडू काखेत मारून मुलाखतीला गेले. हेडमास्तर हैदराबादकडचे, बोलायला मोठे अदबशीर. त्यांनी विचारलं, "तजुर्बा क्या है आपका?" तजुर्बा म्हणजे अनुभव हे मामांना ठाऊक नव्हतं, पण आपल्याला काही तरी करून दाखवायला सांगताहेत एवढं समजलं. त्यांनी तिथूनच चेंडू उचलला आणि हेडमास्तरांच्या डोक्यावरून मागच्या रद्दीच्या टोपलीत टाकला. हेडमास्तरांच्या रूमी टोपीचा गोंडा हलला, टोपी हलली नाही. हेडमास्तरांनी गोंडा सारखा केला. मग म्हणाले, "टोपी की इज्जत रखी आपने. रख लेते." मामांची नेमणूक झाली, पण हंगामी. मुस्तकिल, म्हणजे कायम, मागाहून करू असं सांगण्यात आलं, आणि सरकारी 'मागाहून' किती लांबीचं असतं हे मी स्वतः तहसील कचेरीत नक्कलनवीस असल्यामुळं, म्हणजे इतरांच्या अर्जांच्या नकला करण्यावर माझं पोट चालत असल्यामुळं, फार जवळून जाणत होतो.

मामा हंगामीच राहिले याला सरकार जेवढं कारण तेवढेच मामा. कायम होण्यासाठी शिक्षणखात्याच्या साहेबांना भेटायचं असे. साहेबांच्या दारात माणसांचा घोळका. जो कोपर मारेल तो आत. मामा मात्र आधी आलेल्या प्रत्येकाला "तुमची पाळी, तुमची पाळी" म्हणत पुढं सोडायचे. जिथं रांगच नव्हती तिथं हा गृहस्थ रांगेत उभा राहायचा. साहेब उठून घरी जायचे, मामाही घरी यायचे. मामी विचारायच्या, "झाली का भेट?" मामा समाधानानं सांगायचे, "न्हाय. पन आता माझ्यापुढं दोघंच हायेत." पुढच्या खेपेला साहेबांची बदली झालेली असायची आणि ते दोघंही नवेच असायचे.

हंगामी माणसाला कुठंही ढकलता येतं, तसं मामांना ढकललं. त्यांच्या नोकरीचा नकाशा गावांनी सांगण्यात अर्थ नाही, झाडांनी सांगावा. धाराशिवची चिंच, मग मुरुमची बाभळ, मग बेंबळीचा पिंपळ आणि परत धाराशिवची चिंच. बदली झाली की मामी भांडी मोजून बांधायच्या आणि मामा झाडावर चढून कडं काढायचे. नव्या गावात बिऱ्हाड लागायच्या आधी कडं लागायचं. मुरुमला बाभळीच्या काट्यांनी चेंडू इतक्यांदा फुटला, की गावचा चांभार मामांना दुरून येताना बघूनच आरी काढायचा. तिथली अर्धी पोरं घरात कानडी बोलणारी. मामांनी 'कोडु', म्हणजे दे, एवढा एकच शब्द उचलला आणि दोन वर्षं त्यावर काढली. बास्केटबॉलमधे दुसरा शब्द लागतच नाही, असं ते म्हणायचे. बेंबळीला मात्र पंचाईत झाली. पिंपळाला कडं ठोकलं आणि आठवडा उलटायच्या आत बायकांनी त्याला कुंकू लावलं, दोरे बांधले. एकीनं तर लेकराच्या गोवरासाठी कड्याला नवस बोलला आणि लेकरू बरं झालं. झालं! आता देवस्थानावर चेंडू मारायचा कसा? मामांनी ते कडं बेंबळीला दान केलं आणि लोहाराकडं दुसरं घडवायला टाकलं. माझ्या माहितीप्रमाणं ते तिथं अजून आहे आणि गोवरावर उत्तम गुण देतं.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा सांगायलाच हवी. पायात चपला, अंगात गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली शेरवानी, डोक्यावर रूमी टोपी, कारण शाळेचा नोकर म्हटल्यावर तो दरबारी पोशाख आलाच. असा हा माणूस वैशाखातसुद्धा मैदानात उभा असायचा आणि घाम आतल्या आत जिरवायचा. शिट्टी नव्हती म्हणून त्यांनी पोलीस जमादाराकडून एक जुनी मागून आणली. ती शिट्टी वाजली की शेजारच्या चौकीतले दोन शिपाई काठ्या घेऊन धावत यायचे. रोज धावत येऊन येऊन त्यांना खेळ समजू लागला, आणि पुढं पुढं फाऊल कुणाचा यावर तेच मामांशी वाद घालायचे. नियमांचं पुस्तक मामांनी कधी पाहिलं नव्हतं. सोलापूरच्या कुंपणाआडून जे दिसलं ते घेतलं आणि जे दिसलं नाही ते स्वतः घातलं. आमच्या काळ्या मातीत चेंडूचा टप्पा पडत नाही. पावसाळ्यात तो भाकरीच्या उंड्यासारखा थापला जातो आणि उन्हाळ्यात भेगेत जाऊन बसतो. म्हणून मामांच्या बास्केटबॉलमधे टप्पा नव्हताच. चेंडू जमिनीला लावणं म्हणजे फाऊल. हाताहातानं द्यायचा, दे बा दे, असा पुढं न्यायचा. इथपर्यंत ठीक होतं. पण कड्यात टाकायचा कुणी? इथं मामांमधला पाळीकर जागा झाला. चेंडू टाकायची प्रत्येक पोराची पाळी ठरलेली. एकाचा टाकून झाला की पुढच्याची पाळी. बाकीच्यांनी कितीही जवळ असलं तरी टाकायचा नाही, पाळी असलेल्याला नेऊन द्यायचा.

मी एकदा त्यांना म्हटलं, "मामा, जो चांगला टाकतो त्यालाच टाकू द्यावा की."

"आन् बाकीच्यांनी काय करावं? आरती म्हनावी?"

"पण खेळ जिंकण्यासाठी असतो ना?"

"जावईबापू, देवीला तरी काय सगळ्यात देखणा पुजारी लागतो व्हय? ज्याचा वार त्याचा हात. त्यात देवीचं काही बिघडलं न्हाय आजवर. तुमच्या कड्याचं काय बिघडनार हाय?"

नक्कलनवीस माणसाला याच्यावर उत्तर सुचत नाही. सुचलं असतं तर तो नक्कलनवीस राहिला नसता.

परत धाराशिवला आल्यावर त्यांच्या संघात दोन पोरं अशी होती की एकाकडं बघून दुसऱ्याची कीव यावी. एक अत्तारांचा गफूर. ताडमाड, लांब बोटांचा. त्याच्या हातून चेंडू सुटला की तो कड्यातून गेल्यावरच कळायचं. दुसरा देशपांड्यांचा बाळू. अंगानं गोल, नजरेनं अधू. चष्मा सुतळीनं कानामागं बांधून यायचा. बाळूनं मारलेला चेंडू चिंचेला लागला तर चिंच पडायची, पण कड्यात म्हणून कधी गेला नाही. गफूरला आणि बाळूला पाळी मात्र सारखीच. गफूरची काही तक्रार नव्हती. उलट बाळूची पाळी आली की तोच त्याला उभं कुठं राहायचं ते दाखवायचा, "इधर आ रे बाळ्या, इधर. अब आँख मीच के मार, तेरे को वैसे भी क्या दिखता?"

आणि अशात मामांच्या नशिबानं दार ठोठावलं. जिल्ह्याचे अव्वल तालुकदारसाहेब, म्हणजे आमचे कलेक्टर, खेळाचे शौकीन. गुलबर्ग्याच्या पलीकडच्या एका कॉलेजचे प्रिन्सिपॉल त्यांचे जुने दोस्त, आणि त्या कॉलेजला बास्केटबॉल शिकवणारा माणूस हवा होता. मुस्तकिल जागा. मी मामांच्या वतीनं उर्दूत अर्ज लिहिला. नक्कलनवीसाला स्वतःचं असं काही लिहायला क्वचित मिळतं, त्यामुळं मी हात सैल सोडला, आणि मामांना त्यात मी जे जे म्हटलं ते ऐकून खुद्द मामाच म्हणाले, "ह्यो कोन हाय? लई मोठा मानूस दिसतोय." प्रिन्सिपॉलसाहेब आपल्या पोरांचा संघ घेऊनच धाराशिवला आले. आदल्या संध्याकाळी त्यांनी मामांना बोलावलं. मी बरोबर होतो. साहेब सरळ माणूस. म्हणाले, "मास्टरसाब, मेरे लड़के तीन साल से हार रहे हैं। मुझे जितानेवाला आदमी चाहिए। कल मेरे ही लड़कों को हरा के दिखाइए और जून से आ जाइए।" मामांनी मान हलवली. "हौ, साब."

त्या रात्री मामींना झोप लागली नसावी. कॉलेजच्या घरांत अंगणातच नळ असतो, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं, आणि लग्न झाल्यापासून त्या लांबच्या आडावरून डोक्यावर पाणी वाहत होत्या. दर बदलीला नव्या गावचा आड मागच्या गावच्या आडापेक्षा लांबच निघायचा. सकाळी उठून त्यांनी पाटा-वरवंटा शेजारणीला देऊनही टाकला. "एवढं वजन कुठं न्यायचं गुलबर्ग्यापातूर?" मला म्हणाल्या, "मामांस्नी जरा सांगा. आजच्या दिस त्या गफूरलाच टाकू द्या म्हनावं. माझं ऐकायचे न्हाईत." मी सांगितलं. मामा शेरवानीच्या गुंड्या लावत होते. ऐकलं आणि वरची गुंडी लावली.

खेळाला सगळं गाव लोटलं. चिंचेसमोर, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, खांब रोवून दुसरं कडं बसवलं होतं. तालुकदारसाहेब आणि प्रिन्सिपॉलसाहेब खुर्च्यांवर, कचेरीतले आम्ही सगळे त्यांच्या मागं उभे, आणि शाळेच्या गच्चीवर बायका. त्यांत मामी आणि माझी बायको. कॉलेजची पोरं पांढऱ्या चड्ड्या आणि कापडी बूट घालून उतरली, आमची अनवाणी. पहिल्याच झटक्याला त्यांच्यातल्या एकानं चेंडूचा टप्पा टाकला आणि आमची सगळी पोरं जागच्या जागी उभी राहिली. एकानं तर 'असं करू नये' म्हणून त्याला समजावून सांगायला सुरुवात केली. तोवर त्या पोरानं सावकाश जाऊन चेंडू कड्यात टाकला. पंच त्यांच्याच कॉलेजचे प्रोफेसर. त्यांनी मामांना सांगितलं की टप्पा टाकणं हा गुन्हा नाही, उलट तोच खेळ आहे. मामा म्हणाले, "तुमच्यात चालत आसंल. आमच्यात न्हाय." पण न्याय देवीच्या मनात होता. पुढच्या टप्प्याला चेंडू भेगेत गेला, त्याच्या पुढच्याला ढेकळाला लागून तालुकदारसाहेबांच्या मांडीवर येऊन बसला, आणि कॉलेजची पोरं खाली बघून खेळायचं की वर बघून, या कोड्यात सापडली. आमची पोरं मात्र दे बा दे करत हाताहातानं चेंडू नेत होती. चेंडू मातीला लागतच नव्हता. बरोबरी झाली.

मग कॉलेजच्या पोरांच्या लक्षात आमची पाळी आली. शिकलेली पोरं, त्यांनी कोण कुणानंतर टाकतो ते हेरलं आणि ज्याची पाळी असेल त्याच्याभोवतीच सगळे गोळा होऊ लागले. बाकीचे आमचे चौघं मोकळे, गाई चारल्यासारखे हिंडत. मी मागून ओरडत होतो, आमच्या कचेरीतले मुन्शी ओरडत होते, चौकीचे दोन शिपाई काठ्या हापटत होते. तरीसुद्धा आमची पोरं चेंडू फिरवून फिरवून त्यांना दमवत होती, आणि कसंबसं का होईना, टाकत होती. शेवटचा थोडाच वेळ उरला तेव्हा पुन्हा बरोबरी होती. आणि पाळी होती बाळूची.

आता जे झालं ते मी अजूनही डोळ्यांसमोर जसंच्या तसं आणू शकतो, आणता येऊ नये असं वाटत असूनही. चेंडू गफूरच्या हातात आला. तो कड्याच्या अगदी खाली उभा. त्याच्या आसपास चिटपाखरू नाही, कारण त्याची पाळी नाही हे कॉलेजच्या पोरांना ठाऊक. सगळे पलीकडं बाळूला वेढून उभे. गफूरनं हात वर केले असते तरी चेंडू आत पडला असता. सगळं मैदान एका आवाजात ओरडलं, "टाक! गफ्या, टाक!" तालुकदारसाहेब खुर्चीवरून उठले आणि आपला हुद्दा विसरून ओरडले, "डालो मियाँ, डालो!" जिल्ह्याच्या मालकाचा हुकूम झाला होता. गफूरनं कड्याकडं बघितलं. मग मान वळवली आणि मामांकडं बघितलं.

"मास्तर, टाकू?"

मामांच्या टोपीखालून घामाची एक धार कानापाशी आली होती. त्यांनी गच्चीकडं एकदा पाहिलं, म्हणजे मला तरी तसं वाटलं.

"पाळी कुनाची?"

"बाळ्याची."

"मंग?"

गफूर हसला. खरंच हसला, मी पाहिलं. त्यानं त्या गर्दीच्या डोक्यांवरून चेंडू उंच उचलून बाळूच्या पोटाशी बरोबर दिला. बाळूनं चष्मा सावरला, डोळे मिटले आणि फेकला. चेंडू आजवर कधी गेला नव्हता इतका कड्याजवळ गेला. कड्यावर बसला. एक गिरकी घेतली. माझ्या शेजारचे मुन्शी 'या अल्लाह' आणि मी 'आई अंबाबाई' एकदमच म्हणालो. आणि चेंडू बाहेरच्या अंगाला पडला. कॉलेजच्या पोरांनी तो उचलला आणि टप्पा न टाकता, हाताहातानं, दे बा दे, असा पलीकडं नेला आणि कड्यात टाकला. म्हणजे मामांनी त्या दिवशी त्या पोरांना शिकवलंच. फक्त नोकरी लागायच्या आधी आणि फुकट शिकवलं.

शिट्टी झाली. प्रिन्सिपॉलसाहेबांनी मामांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मास्टरसाब, आप बड़े उसूल के आदमी हैं।" आमच्या कचेरीचा अनुभव असा, की ज्याला हे वाक्य ऐकवलं जातं त्याला त्यानंतर दुसरं काही मिळत नाही. तालुकदारसाहेब तर तडक मोटारीत जाऊन बसले. मी मामांना शोधत गेलो तर ते चिंचेखाली उकिडवे बसलेले, समोर बाळू नाक ओढत रडतोय, आणि मामा त्याला सांगताहेत, "रडतुस कशाला? कडं जरा उजवीकडं कललंय, मीच सरळ केलं न्हाय. म्होरल्या पाळीला हातभर डावीकडून टाक." गफूर मागं उभा राहून मान डोलावत होता. हरलेल्या संघासारखे ते तिघंही दिसत नव्हते. हरल्यासारखा मीच दिसत होतो.

मामींनी पाटा-वरवंटा परत आणला. शेजारणीनं तोवर त्यावर मिरच्या वाटल्या होत्या, म्हणून धुऊन घेतला. मामांशी त्या काही दिवस बोलल्या नाहीत. मग एक दिवस कळलं की मामा पहाटे, गावानं बघू नये म्हणून अंधारात, आडावरून पाणी आणू लागलेत. त्यावरही दोघांची पाळी ठरली म्हणतात. पुढं दिवस फार वाईट आले. शाळा बंद पडली, माणसं एकमेकांकडं बघायची बंद झाली, कोण कुठं निघून गेलं याचा हिशेब कुणी ठेवला नाही. निजामाचं राज्य गेलं, शेरवानी गेली, टोपी गेली. मामा धोतर-सदऱ्यात मैदानावर आले तेव्हा पोरांनी त्यांना ओळखलंच नाही. नव्या सरकारनं त्यांना कायम केलं ते जवळजवळ घरी बसायच्या वेळेला. तेव्हाही त्यांनी मला विचारलं होतं, "माझ्यापुढं कोनी र्‍हायलं न्हाय ना?" आता मामा नाहीत. चिंच आहे; पण तिच्याखाली आता दुचाक्या लावतात.

त्या सामन्याच्या संध्याकाळी मी घरी आलो तो नुसता धुमसत होतो. पागोटं खुंटीवर फेकलं, ते खाली पडलं, आणि मी ते तसंच पडू दिलं. बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. मी म्हटलं, "तुझ्या मामासारखा माणूस पाहिला नाही. चालून आलेली लक्ष्मी! एक 'टाक' म्हणायचं होतं, एक शब्द. त्याच्या जागी मी असतो ना, तर आज सामना खिशात होता आणि मामी गुलबर्ग्याच्या वाटेला लागल्या असत्या."

बायकोनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "व्हय. तुम्ही असता तर जिंकलाच असता. पन मंग गफूरनं टाकायच्या आधी तुमच्याकडं बघितलं नसतं."